चढवण्याआधी पॅनेल पालथं कर

हे बघ गं, पॅनेल गच्चीवर न्यायच्या आधी अंगणातच पालथं करून बघायचं. त्याची सगळी कुंडली पाठीवरच्या स्टिकरवर असते, आणि एकदा सांगाड्यावर बोल्ट आवळले की तिथं मान घालायला जागा उरत नाही. मॉडेल नंबर, सिरियल नंबर, आयएस क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे. एकेका पॅनेलचा फोटो काढून ठेव. नोंदणी क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपात टाकलास की कारखान्याचं नाव येतं. ते कोटेशनातल्या नावाशी ताडून बघ.

एजन्सीवाला सांगेल, ‘मामा, कंपनी सर्टिफाइड आहे.’ असेल. पण मंजुरी मॉडेलला मिळते. केंद्राची एएलएमएम यादी असते, तिच्यात मॉडेलं लिहिलेली असतात. तुझं त्यात आहे का ते तू स्वतः शोध. झेरॉक्स एका मॉडेलची आणि टेम्पोतून उतरतंय दुसरंच, हा प्रकार फार जुना आहे. पीएम सूर्यघरचं तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान हवं असेल तर आतले सेलही देशात बनलेले लागतात. बिलावर ‘डीसीआर’ लिहून घे.

चाचण्या कडक असतात, त्यात वाद नाही. आयएस १४२८६ मध्ये उणे ४० ते ८५ अंशांच्या दोनशे फेऱ्या, मग ८५ अंश उष्णता नि ८५ टक्के दमटपणात हजार तास, शिवाय २५ मिलिमीटरच्या बर्फगोळ्यांचा मारा. पण हे सगळं सोसतात ते नमुने. आणि वॅट मोजतात ते सेल २५ अंशांवर ठेवून! आपल्या मालवणात एप्रिलच्या दुपारी सेल साठच्या वर तापतो. अंशामागे साधारण ०.३५ टक्के घट धर, म्हणजे ५४० वॅटचं पॅनेल भर उन्हातही पावणेपाचशेच्या आसपासच देणार. त्यावरून कुणाशी भांडू नकोस.

भांडायचंच तर खाऱ्या वाऱ्यावरून भांड. ती चाचणी मूळ प्रमाणपत्रात येत नाही. आयईसी ६१७०१ चा रिपोर्ट वेगळा मागावा लागतो. गोठ्यावर बसवणार असलीस तर अमोनियासाठी ६२७१६ चाही माग. आणि हे दोन्ही कागद पॅनेलपुरतेच. सांगाडा आधी गंजतो, त्याचे नटबोल्ट स्टेनलेसचेच घे.

राहिला इन्व्हर्टर. लाइट गेली की आपलं सोलरही बंद पडतं, मग शेजारी हसतात. हसू देत. बंद पडलंच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुझ्या गच्चीवरून शॉक बसेल. त्याची चाचणी आयएस १६१६९ ची. इन्व्हर्टरच्या कागदांत तो आकडा सापडला नाही तर त्याला भिंतीला लावूच देऊ नकोस, अ‍ॅडव्हान्स दिलेला असला तरी.