उन्हाळ्यातला बेत घड्याळ बघून ठरवा

दिल्लीच्या उन्हाळ्यात जेवणाचा बेत ठरवताना, मग तो घरचा असो की तंबूतला, मी आता सगळ्यात आधी एकच गोष्ट बघते: शिजल्यापासून पानात पडेपर्यंत किती वेळ जाणार? आवडीनिवडी त्यानंतर. ही सवय एका रात्रीनं लावली.

एप्रिल संपत आला होता. पुण्याहून नणंद मुलाला घेऊन आमच्याकडे नोएडाला आली होती, म्हणून आम्ही सगळे सोहन्याजवळ दमदमा तलावाच्या परिसरात तंबूत राहायला गेलो. जेवण तिथल्याच लोकांकडे होतं. रात्री पुलाव आणि पनीरची भाजी आली. वाफाळतं होतं, वास चांगला, चवही चांगली. झोपायच्या आतच भाच्याला उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ नणंदेला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "भात केव्हाचा होता?" चौकशी केली तेव्हा कळलं की तो दुपारी शिजवून झाकून ठेवलेला होता आणि रात्री पुन्हा गरम केला होता.

डॉक्टरांनी जे समजावलं ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. कच्च्या तांदळात काही जिवाणूंचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्यानं मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. पुन्हा गरम केल्यावर जिवाणू मरतील, पण ते विष उकळूनही जात नाही. वासाला, चवीला काही कळतही नाही. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्नातले जिवाणू झपाट्यानं वाढतात. म्हणून शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

आपल्याकडे रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात करायचा ही पिढ्यांची सवय. पण जून २०२४ मध्ये दिल्लीत सफदरजंगला रात्रीचं किमान तापमानच ३५.२ अंश होतं! अशा रात्री ओट्यावर राहिलेल्या भाताला कितीही खमंग फोडणी दिली तरी तो खाण्याजोगा होत नाही. फोडणीचा भात जरूर करा, पण त्यासाठी रात्री जेवणं झाल्याबरोबर उरलेला भात परातीत पसरून निववा, तासाभराच्या आत उथळ डब्यातून फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवा.

आमच्या घरी मे-जूनमध्ये गॅस सकाळी आणि रात्रीच पेटतो. दुपारी बारा ते पाच ओट्यापाशी कुणी उभं राहायचं नाही, कारण स्वयंपाक करणाऱ्यालाही ऊन लागतं. सकाळी लवकर पोळ्या आणि एक भाजी, भाजी निवली की लगेच फ्रिजमध्ये. दुधी, दोडका, ढेमसं या काळात कुठल्याही भाजीवाल्याकडे ताजं मिळतं आणि पटकन शिजतं. दुपारच्या पानात गार गोष्टी: काकडीची कोशिंबीर, दही, ताक, कैरीचं पन्हं. कोशिंबिरीला मीठ आणि दाण्याचं कूट वाढतानाच घालावं, नाहीतर पाणी सुटतं. रात्री एकाच भांड्यात होणारं काहीतरी, मुगाची खिचडी किंवा पिठलं-भात, आणि तेही उरणार नाही इतकंच. कणीक मळली की लगेच फ्रिजमध्ये. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं, म्हणून तांदूळ-भाज्या धुण्यासाठी पहाटेच एक बादली भरून ठेवते. सातूचं पीठ घरात असू द्यावं. बिहारी पद्धतीनं चण्याचं सातू पाण्यात कालवून मीठ, लिंबू, जिरेपूड आणि बारीक चिरलेला कांदा घातला की चूल न पेटवता पोटभर न्याहारी होते.

तंबूत राहायला जाताना सामान तीन भागांत बांधा. प्रवासासाठी फक्त कोरडं: दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, गूळ-दाणे. काकड्या अख्ख्या न्या, कापून डब्यात भरू नका. प्रवासातल्या खाण्याचा डबा डिकीत ठेवू नका, गाडीत आपल्याजवळ ठेवा. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते.

दुसरा भाग तिथे शिजवायचा. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, हळद, जिरं, मीठ अशी कोरडी पुडी घरूनच बांधा. तिथे कुकरात चार वाट्या पाणी घातलं की मऊ खिचडी होते. वर तूप आणि मेतकूट. न्याहारीसाठी रवा मोहरी, कढीपत्ता, सुक्या मिरच्यांच्या फोडणीवर भाजून, पूर्ण निववून डब्यात भरा. तिथे उकळतं पाणी घातलं की उपमा. चहाला दूध पावडर.

तिसरा भाग थंड पेटीचा. पाण्याच्या बाटल्या आदल्या रात्री गोठवून तिच्यात ठेवा. दही पहिल्या जेवणापुरतंच न्या आणि पेटी सारखी उघडू नका. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरा. साबण विसरू नका, कारण अन्न पुष्कळदा हातांमुळेच दूषित होतं.

जेवण तिथल्या लोकांकडे असेल तर आरक्षण करतानाच विचारा: स्वयंपाक किती वाजता होतो? फ्रिज आहे का? वीज गेली तर काय सोय? संकोच वाटला तरी विचारा. पनीर आणि भात ताजे मिळणार नसतील तर डाळ आणि गरम पोळ्या समोर करून मागा.

प्रथमोपचाराच्या पेटीत जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेली ओआरएसची पाकिटं हवीतच. पुडीवर लिहिलेलं पाण्याचं माप पाळा, बहुतेक मोठी पाकिटं एक लिटरची असतात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दोन्हीकडे छोटाच चमचा, चहाचा. मुलाला घोटघोट, थांबून थांबून पाजा. उलट्या थांबत नसतील, मूल मलूल पडलं असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल किंवा शौचातून रक्त गेलं, तर सकाळची वाट बघू नका. म्हणूनच राहायची जागा ठरवतानाच जवळचा दवाखाना कुठे आहे आणि तो रात्री उघडा असतो का, हे फोन करून विचारून ठेवा.