आश्रमवासिक पर्व आणि धृतराष्ट्राची केटी



महाभारत वाचणारे बहुतेक जण युद्धाच्या अठराव्या दिवशी थांबतात. दुर्योधनाची मांडी फुटली, अश्वत्थाम्याचा मणी निघाला, गांधारीचा शाप झाला की पुस्तक मिटतं. पुढची शांतिपर्व आणि अनुशासनपर्व एवढी अवाढव्य आहेत की उरलेसुरले वाचक तिथे गळतात. त्यामुळे पंधराव्या, म्हणजे आश्रमवासिक पर्वापर्यंत फार थोडे पोचतात. पर्व तसं छोटं आहे. त्यात लढाई नाही, मोठं तत्त्वज्ञान नाही. एक म्हातारा राजा घर सोडून जातो, एवढंच. पण गेले काही दिवस मी रोज रात्री जेवण झाल्यावर हेच वाचतोय, आणि मला ते आपल्या बोरिवली-मुलुंडच्या घरांबद्दल लिहिल्यासारखं वाटतंय.

कारण सांगतो. माझे बाबा येत्या काही महिन्यांत ५८ पूर्ण करतील. अंधेरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला त्यांची हयात गेली. आणि निवृत्ती म्हणजे एका तारखेला हार, नारळ आणि घड्याळ, असं जे आपल्याला वाटतं ना, तसं नसतं. ती वर्षभर आधीपासून थेंबथेंब सुरू होते.

आता आधी कथा.

युद्ध जिंकल्यावर युधिष्ठिर राजा झाला. त्याचं राज्य ३६ वर्षं चाललं, आणि त्यातली पहिली १५ वर्षं धृतराष्ट्र त्याच्याच राजवाड्यात राहिला. ज्याची शंभर मुलं मारली गेली तो काका, आणि ज्यांनी मारली ते पुतणे, एका छताखाली. युधिष्ठिराने मानपान इतका चोख ठेवला होता की प्रत्येक कामात काकांना विचारायचं, त्यांचं मन दुखेल असं कोणी वागायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. जेवण, वस्त्रं, दानधर्माला पैसे, सगळं पूर्वीसारखं.

फक्त भीमाला ते जमलं नाही. तो समोरून काही बोलायचा नाही. पण मित्रांमध्ये बसला की दंड थोपटून, धृतराष्ट्राला आणि गांधारीला ऐकू जाईल अशा आवाजात, याच हातांनी मी त्या आंधळ्याच्या पोरांना संपवलं, असं म्हणायचा. युधिष्ठिराला याचा पत्ता नव्हता. अर्जुनाला नव्हता, कुंतीला नव्हता, द्रौपदीलाही नव्हता. पंधरा वर्षं हे टोमणे ऐकल्यावर धृतराष्ट्र एक दिवस म्हणाला, आता मला वनात जाऊ दे.

इथे मी बराच वेळ थांबलो. कारण धृतराष्ट्राला कोणी हाकललं नव्हतं. त्याचं पद, मान, ताट, सगळं जागेवर होतं. त्याला टोचत होतं ते इतकं बारीक होतं, की ते तक्रार म्हणून सांगताच आलं नसतं.

बाबांचं तेच चाललंय. ज्या मेलमध्ये त्यांचं नाव असायचं त्यात आता त्यांच्या ज्युनियरचं असतं. नवीन सॉफ्टवेअर आलं, त्याच्या ट्रेनिंगच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. विचारल्यावर तिशीतला मॅनेजर हसून म्हणाला, "काका, तुम्ही कशाला आता डोक्याला ताप करून घेता?" वाईट हेतूने नसेल म्हणाला. पण काल जो "साहेब" होता तो आज "काका" झाला, आणि ते कुठल्या पत्रात लिहून येत नाही. घरी परत येताना ट्रेनमधले लोक विचारतात, "मग, पुढे काय?" सोसायटीच्या सेक्रेटरीने तर आत्ताच सांगून ठेवलंय की आता तुमच्याकडे वेळच वेळ, तेव्हा पाण्याच्या टाकीचं काम तुम्ही बघा. आणि घरातला भीम म्हणजे आपण. "बाबा, ओटीपी आलाय, सांगा ना पटकन!" हे आपण ज्या सुरात म्हणतो तो सूर एकदा आठवून बघा. आपण दंड थोपटत नाही, एवढाच फरक.

पण या पर्वात मला हलवून गेलेली गोष्ट वेगळीच आहे. वनात जायची परवानगी मागताना धृतराष्ट्र एक गोष्ट उघड करतो. किती तरी दिवस तो नीट जेवतच नव्हता. दिवस दिवस उपाशी राहून, अगदी थोडं, कधीतरी खायचा. जपाचं निमित्त करून जमिनीवर दर्भाच्या चटईवर झोपायचा. हे फक्त गांधारीला माहीत होतं. बाहेर सगळ्यांना वाटत होतं, महाराज मजेत आहेत. युधिष्ठिर हे ऐकून हादरतो. एवढी व्यवस्था ठेवली, रोज विचारपूस केली, आणि ताटातलं अन्न पोटात जात नव्हतं हे कळलंच नाही.

परवा आई भाजी निवडताना सहज बोलून गेली, की बाबांनी सहा महिन्यांपूर्वीच फर्स्ट क्लासचा पास बंद केला. सेकंडने जातात. चर्चगेटच्या दिशेची सकाळची गर्दी, आणि गुडघा दुखतोय तरी. का, तर "पेन्शनमध्ये राहायची सवय करतोय."

पेन्शनचा हिशोब मी इंजिनियर असल्यामुळे बसून केला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी लागेल म्हणून लिहितो, कारण हे आपल्या पिढीला माहीतच नसतं. खासगी नोकरीतल्यांची पेन्शन ही १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेल्या ईपीएस-९५ योजनेतून येते. सूत्र सोपं आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. मेख पहिल्या आकड्यात आहे. तो खरा पगार नव्हे, त्याला मर्यादा आहे. ती सप्टेंबर २०१४ मध्ये ६,५०० वरून १५,००० रुपये झाली. म्हणजे १५,००० ची मर्यादा आणि पूर्ण ३५ वर्षं धरली तरी हाती येतात महिना ७,५०० रुपये. त्यातही २०१४ च्या आधीची वर्षं जुन्या मर्यादेने मोजली जातात, त्यामुळे बहुतेकांना याहून कमीच. किमान पेन्शन १,००० रुपये. आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स आणि विजेचं बिल भरलं की विषय संपला. पीएफची रक्कम आणि ग्रॅच्युइटी वेगळी मिळते, हे खरं. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटच्या महिन्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले २६ गुणिले १५, आणि ते गुणिले वर्षं. (२६ का? महिन्यातले कामाचे दिवस २६ धरतात, रविवार वगळून.) पण ते एकदाच येतं, आणि कंपनीचा मेडिक्लेम मात्र त्याच दिवशी संपतो.

वर कागदपत्रं. आपल्याकडे नाव लिहायच्या तीन पद्धती : कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे वडिलांच्या जागी फक्त अक्षर. शाळेच्या दाखल्यावर एक, पीएफमध्ये दुसरं, आधारवर तिसरं. नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही की दावा अडकतो, आणि मग कंपनीच्या सहीने जॉइंट डिक्लेरेशन भरून दुरुस्ती करावी लागते. ज्यांच्या जुन्या कंपन्या बंद पडल्या त्यांनी सही कोणाची आणायची? भांडुप-मुलुंडला एलबीएस मार्गावर जिथे कारखाने होते तिथे आज टॉवर आहेत. तेव्हा घरात कोणी पन्नाशी ओलांडली असेल तर या रविवारी त्यांच्या शेजारी बसून नाव, जन्मतारीख आणि नॉमिनी तपासा. पेन्शनचा १०डी फॉर्म भरायच्या वेळी नको.

असो. परत पर्वाकडे.

युधिष्ठिर परवानगी द्यायला तयार नाही. तो म्हणतो, मीच राज्य सोडतो, मीच वनात जातो. तेवढ्यात उपासाने थकलेला धृतराष्ट्र गांधारीच्या अंगावर रेलतो आणि त्याची शुद्ध हरपते. युधिष्ठिर पाण्याने हात ओला करून त्याच्या छातीवरून, चेहऱ्यावरून फिरवतो. शुद्धीवर आल्यावर म्हातारा म्हणतो, पुन्हा एकदा हात फिरव, तुझ्या स्पर्शाने मला जीव आल्यासारखं वाटतं. याच धृतराष्ट्राने युद्धानंतर मिठीत घेऊन लोखंडी भीमाचा चुरा केला होता, हे लक्षात ठेवून हा प्रसंग वाचा. पंधरा वर्षांच्या मानपानात जे झालं नाही ते त्या ओल्या हाताने झालं.

शेवटी व्यास येऊन सांगतात, जाऊ दे त्याला. आणि मग होते केटी! आयटीवाल्यांनी हा भाग चुकवू नये. निघण्यापूर्वी धृतराष्ट्र युधिष्ठिराला राज्यकारभार शिकवतो. मंत्री पारखून घे, हेर नेम, खजिना सांभाळ, कोणाशी तह करावा, कोणाशी लढावं, सगळं सविस्तर. गंमत बघा. ज्याच्या हातून अख्खं कुळ बुडालं तो माणूस, पंधरा वर्षं उत्तम राज्य चालवणाऱ्याला राज्य कसं करावं ते सांगतोय. माझ्या टीममध्ये असं कोणी केलं असतं तर आम्ही म्यूट करून जेवायला गेलो असतो. युधिष्ठिर काय करतो? ऐकतो. तसं करीन म्हणतो, वर म्हणतो, अजून सांगा. भीष्म गेले, श्रीकृष्ण इथे नाहीत, विदुर आणि संजयही तुमच्याबरोबर निघाले, आता मला हे दुसरं कोण सांगणार?

हे युधिष्ठिर नाटक म्हणून करत नाही असं मला वाटतं. सांगितलेल्या गोष्टीची त्याला गरज होती का, हा प्रश्नच नाही. सांगणाऱ्याला सांगायची गरज होती. बाबांकडे एक वही आहे. कुठल्या मशीनचा कुठला गेज उन्हाळ्यात किती सरकतो, कोणत्या सप्लायरचा माल पावसाळ्यात दोनदा तपासायचा, असलं तीस वर्षांचं त्यात लिहिलंय. ती कोणाला द्यायची, हा त्यांचा सध्याचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. पेन्शनपेक्षाही मोठा.

जाण्याआधी फायनल सेटलमेंटचंही भांडण होतं! भीष्म, द्रोण आणि आपल्या मुलांच्या श्राद्धासाठी धृतराष्ट्र विदुराकरवी धन मागतो. भीम नाही म्हणतो. अर्जुन त्याला समजावतो. युधिष्ठिर निरोप पाठवतो की माझ्या आणि अर्जुनाच्या वाट्यातून हवं तेवढं घ्या, आणि भीमावर रागावू नका, त्याने वनात ऊन, पाऊस, थंडी फार सोसलीय. मला हे वाक्य या पर्वाचं हृदय वाटतं. भीमाची तक्रार खोटी नव्हतीच. युधिष्ठिर त्याला वाईट ठरवत नाही, गप्प बसवत नाही, आणि तरी काकांचं काम अडू देत नाही.

आता गीतेचा एक धागा जोडतो. अठराव्या अध्यायात अर्जुन संन्यास आणि त्याग यांतला फरक विचारतो, आणि भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. मोहाने कर्तव्य टाकणं तामस, त्रास होतो म्हणून टाकणं राजस, आणि कर्तव्य करत राहून त्यातली आसक्ती आणि फळ सोडणं सात्त्विक. या मापाने धृतराष्ट्राचं वनात जाणं कुठे बसतं? माझं मत, सरळ राजसात. भीमाचे टोमणे सहन होईनात म्हणून तो निघाला. वैराग्य नंतर आलं. आणि महाभारत त्याला त्यावरून परत पाठवत नाही.

सात्त्विक त्याग बघायचा असेल तर कुंतीकडे बघा. निघाले तो दिवस कार्तिकी पौर्णिमेचा होता. (सरकारी पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो तो नोव्हेंबरही साधारण तेव्हाच, हा योगायोग.) पुढे कुंती, तिच्या खांद्यावर डोळ्यांना पट्टी बांधलेल्या गांधारीचा हात, गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा हात. सगळ्यांना वाटलं, ही वेशीपर्यंत सोडायला आलीय. ती परत फिरलीच नाही. मुलं रडली. भीम तर म्हणाला, जायचंच होतं तर आम्हाला लढायला का लावलंस? तिचं उत्तर असं : तुम्ही खाली मान घालून जगू नये म्हणून लावलं. राज्याचं सुख मी नवऱ्याच्या काळात भोगलं, मुलांनी जिंकलेल्याचं फळ मला नको.

कुंतीला ५८ वर्षं पूर्ण झाल्याचं पत्र कोणी दिलं नव्हतं. आमच्या आईलाही कोणी देणार नाही. बाबा घरी बसले की तिचं काम वाढणार आहे. दुपारचा एक चहा, दुपारचं गरम जेवण, आणि दिवसभर टीव्हीचा आवाज. ती हे हसत सांगते. "तुझे बाबा रिटायर होतायत, मी नाही."

उद्या पुढचा भाग घेऊ. पांडवांना आईवाचून करमत नाही आणि ते सगळा लवाजमा घेऊन वनात भेटायला जातात. तिथे लांबून कुंती दिसल्यावर सगळ्यात आधी कोण धावत सुटतं ते वाचून या. भीम नाही, अर्जुन नाही. माद्रीचा धाकटा, सहदेव.

राम कृष्ण हरी.