‘वजन वाढलं’ म्हणून उपचार बंद?

प्रश्न : माझ्या १६ वर्षांच्या मुलीला ॲनोरेक्सिया आहे. निवासी उपचारांचा खर्च विमा कंपनीने मध्येच नाकारला. आमच्या काँग्रेस सदस्यांच्या कार्यालयात भेटीची वेळ मिळाली आहे. काय बोलू? – एक आई, न्यू जर्सी

उत्तर : ताई, आधी नोकरीतला विमा ‘सेल्फ-फंडेड’ (म्हणजे उपचारांचे पैसे नोकरी देणारी कंपनीच भरते असा) आहे का, ते एचआरला विचारा. तसा असेल तर त्यावर मुख्यतः केंद्राचा कायदा चालतो. म्हणजे ट्रेंटनमधल्या राज्य सरकारऐवजी वॉशिंग्टनचं दार ठोठावलंत ते बरोबर. समोर बहुधा पंचविशीतला मदतनीस बसेल. हिरमुसू नका, साहेबांच्या कानावर तोच घालतो.

मानसिक आजारांना शारीरिक आजारांइतकंच संरक्षण, हा कायदा २००८चा. विम्यात खाण्याच्या विकारांचे उपचार असतील तर निवासी उपचारांनाही तीच बरोबरी लागू, हे २०१६च्या कायद्याने स्पष्ट केलं. म्हणून मागणी ‘नवा कायदा करा’ नको, ‘आहे तो राबवा’ अशी ठेवा. नकाराचं पत्र न्या, ‘वजन पुरेसं वाढलं’सारखं वाक्य असेल तर पिवळं करा. मुलीचं वजन मात्र आकड्यात सांगू नका. या आजारातल्या मुली असे आकडे आपल्याशी ताडून पाहतात. आणि तिला विचारूनच जा. तुमच्या केसचा पाठपुरावा हवा असेल तर तिथला संमतीचा फॉर्म भरा. विमा कंपनीकडचं अपील तोवर थांबवू नका, त्याची मुदत पत्रातच असते.