धम्मपाठ : मघाचे गाव – वेठ आणि सेवा



श्रमदानाची हाक आली की आपल्या वस्तीतील वृद्ध माणसे चटकन पुढे येत नाहीत. त्याला कारण आहे. ‘गावाचे काम’ हे शब्द त्यांच्या आईबापांनी निराळ्या अर्थाने ऐकले होते. मेलेले ढोर ओढणे, सांगावा पोचविणे, अंमलदाराचे ओझे वाहणे, चावडी झाडणे ही सारी गावाचीच कामे होती. जन्माने ती माथी मारली जात आणि नकार दिला की बहिष्कार होई. परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले, ते या वेठीविरुद्धच. पुढे मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द केली.

मग बौद्धाने गावासाठी मोबदल्याविना राबावे काय? आजचा पाठ या प्रश्नाचा आहे.

कथा

पाली वाङ्मयातील ३१ वे जातक म्हणजे कुलावक जातक. मगध देशात मचल नावाचे गाव होते. घरे अवघी तीस. गावकरी एकदा कामकाजासाठी जमले असता मघ नावाच्या तरुणाने पायाने धूळ सारून उभे राहण्यापुरती जागा साफ केली. दुसरा एकजण येऊन तीवर उभा राहिला. मघाने भांडण न करता दुसरी जागा साफ केली. तीही गेली. असे करता करता सगळेच मैदान स्वच्छ झाले. तेथे त्याने मांडव घातला, पुढे शाळा बांधून बाके व पाण्याचा रांजण ठेवला.

हे पाहून गावातील इतर पुरुष त्याला मिळाले. त्यांनी पंचशील घेतले. पहाटे कुऱ्हाडी-कुदळी घेऊन ते निघत, रस्त्यातील धोंडे हलवीत, गाड्यांच्या आसाला अडणारी झाडे तोडीत, खाचखळगे बुजवीत, पूल बांधीत, तळी खोदीत.

गाव सुधारले, पण ग्रामभोजक चिडला. लोक दारू पीत, मारामाऱ्या करीत, तोवर दारूवरील कर आणि दंड यांतून त्याची मिळकत होती. ती बुडाली. ‘हे दरोडेखोर आहेत’ अशी चहाडी त्याने राजाकडे केली. राजाने त्यांना हत्तीच्या पायी देण्याचा हुकूम सोडला. तेव्हा मघाने सोबत्यांना सांगितले की चहाडखोर, राजा, हत्ती आणि स्वतः या सर्वांविषयी सारखीच मैत्री ठेवा. हत्ती पुढे आले नाहीत. राजाने चौकशी केली आणि सत्य बाहेर आले.

काय घ्यावे, काय सोडावे

मघ पुढे देवांचा राजा इंद्र झाला असे कथा सांगते. तो चमत्काराचा भाग बाजूला ठेवावा. राजाने ग्रामभोजकाला त्यांचा दास केले, हेही आपल्याला मान्य होणारे नाही. आणखी एक उणीव पाहा. चौकातील मोठ्या शाळेच्या कामात या पुरुषांनी स्त्रियांना वाटा दिला नव्हता. सुधर्मा नावाच्या स्त्रीने सुताराशी संधान बांधून छपराच्या शिखराचे लाकूड आपल्याजवळ तयार ठेवले, आणि वाटा मिळाल्यावरच ते दिले. आपल्या गावात कोणा भगिनीला अशी युक्ती करावी लागू नये.

घ्यावयाचे ते हे की मघाचे काम स्वेच्छेचे होते, शीलावर उभे होते, आणि त्याने केलेला रस्ता येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांचा होता.

आपली कसोटी

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या अज्ञानावर व संकुचित वृत्तीवर कठोर टीका केली. संविधानाच्या मसुद्याने खेडे सोडून व्यक्ती हा घटक मानला याचा त्यांनी आनंद व्यक्त केला. म्हणून गावसुधारणा मोजताना एकेका माणसाकडे पाहावे. गावात काम निघाले की चार प्रश्न विचारा :

१. ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे काय?
२. गटार उपसणे एका वस्तीकडे आणि देखरेख दुसऱ्या आळीकडे, अशी वाटणी तर नाही ना?
३. खोदलेली विहीर, बांधलेले सभागृह सर्वांना सारखे खुले आहे काय? महाडचे तळे होतेच. ते आपल्याला खुले नव्हते, म्हणून १९२७ चा सत्याग्रह करावा लागला.
४. काम करणारे शील पाळतात काय? दिवसा श्रमदान आणि रात्री दारू, याने गाव सुधारत नाही. मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आपण घेतलेलीच आहे.

चारही उत्तरे समाधानकारक असतील तर फावडे घेऊन सर्वांच्या आधी जा. एकही उत्तर खटकले तर सभेत उभे राहून तसे बोला. बोलताना मैत्री सोडू नका आणि मुद्दाही सोडू नका.

शिवाय हेही लक्षात ठेवा : पाणी, दिवाबत्ती, गटारे हे ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे. आपण रस्त्यावर चार टोपल्या मुरूम टाकला म्हणून ते मागण्याचा हक्क संपत नाही. सकाळी श्रमदान करावे आणि ग्रामसभेत लेखी अर्जही द्यावा.

विहारातील चर्चेसाठी

१. ग्रामभोजकाला गाव सुधारलेले का नको होते? आज असे कोणाला वाटते?
२. वेठ आणि सेवा यांतील फरक आपल्या गावातील उदाहरण देऊन सांगा.
३. येत्या पौर्णिमेपूर्वी आपली वस्ती कोणते एक काम पुरे करील? त्यात भगिनींचा निर्णयात वाटा किती?

जय भीम!