घटक ७ : सवयींची भाषा – मुले व तरुण यांच्यासाठी आरोग्यविषयक लेखन

७.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला
• आरोग्यविषयक सवयींना मराठीत मिळालेली नावे त्या सवयींकडे पाहण्याची आपली दृष्टी कशी घडवतात, हे सांगता येईल.
• आरोग्यविषयक सूचनेतील कर्ता, क्रियापद व प्रमाण यांचे विश्लेषण करता येईल.
• पालक, शिक्षक अथवा तरुण वाचकांसाठी अचूक व आचरणात आणता येईल असा माहितीपर परिच्छेद लिहिता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण माहितीपत्रकाच्या लेखनाचे सामान्य स्वरूप पाहिले. या घटकात त्याच लेखनप्रकाराचा एक विशिष्ट विषय घेऊन अभ्यास करायचा आहे. मुलांचा आहार, झोप, खेळ आणि व्यसने या विषयांवर मराठीत विपुल लेखन होते. शाळेचे सूचनाफलक, आरोग्य केंद्रातील भित्तिपत्रके, वृत्तपत्रांच्या पुरवण्या ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. तुमच्यापैकी काही जण शिक्षक असतील, काही अंगणवाडी सेविका असतील, बरेच जण पालक असतील. असे लेखन तुम्ही वाचता आणि पुष्कळदा ते तुम्हालाच करावे लागते.

हे लेखन बहुधा शुद्ध असते, सद्हेतूने केलेले असते आणि तरीही निष्फळ ठरते. त्याचे एक कारण भाषेत आहे. ते कारण शोधणे हे या घटकाचे प्रयोजन आहे.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ सवयीला नाव देणारा शब्द

मराठीत तंबाखू ‘खातात’, विडी ‘ओढतात’, तपकीर ‘ओढतात’ आणि मशेरी ‘लावतात’. मशेरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूची पूड होय. ती दातांना व हिरड्यांना चोळली जाते. ग्रामीण महाराष्ट्रात ती विशेषतः स्त्रियांमध्ये प्रचलित आहे. ‘लावणे’ हे क्रियापद तिला दंतमंजनाच्या ओळीत नेऊन बसवते. त्यामुळे ‘तुमच्या घरी कोणी तंबाखू खाते का?’ या प्रश्नाला मशेरी लावणारी आई अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देऊ शकते. तिच्या मुलीने सकाळी त्याच डबीत बोट घातले, तरी घराच्या दृष्टीने ती मुलगी दात घासत असते. वस्तुतः मशेरीत निकोटीन असते आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका तिच्यातही आहे. म्हणून या विषयावरील पत्रकात ‘तंबाखूचे व्यसन टाळा’ एवढे वाक्य पुरेसे होत नाही. ‘मशेरी ही तंबाखूच आहे’ हे वाक्य त्याआधी यावे लागते.

दुसरा शब्द ‘खाऊ’. या शब्दात पदार्थाचा निर्देश नाही, नात्याचा आहे. बाहेरून आलेल्या मोठ्या माणसाने मुलाच्या हातावर प्रेमाने ठेवावी ती वस्तू म्हणजे खाऊ. एकेकाळी त्यात गूळ-शेंगदाणे, चुरमुऱ्याचा लाडू, राजगिऱ्याची वडी असे. आज त्याच शब्दाखाली वेफर्सचे पाकीट व क्रीमची बिस्किटे येतात. पदार्थ बदलला, पण शब्दाची माया तशीच राहिली. ‘खाऊ देऊ नका’ असे सांगितले की आजोबांना वाटते, आपल्याला प्रेम करण्याचीच बंदी होत आहे. ‘खाऊ जरूर आणा, पाकिटाऐवजी फळ किंवा शेंगदाण्याची चिक्की आणा’ असे म्हटल्यास नाते अबाधित राहते आणि पदार्थ बदलतो.

तिसरा शब्द ‘बाळसे’. तान्ह्या मुलाने बाळसे धरणे ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु हीच प्रशंसा दहा वर्षांच्या मुलाच्या वाढत्या वजनालाही ‘गुटगुटीत’, ‘खात्यापित्या घरचा’ या शब्दांनी मिळत राहते, तेव्हा धोक्याची जाणीव उशिरा होते. दुसऱ्या टोकाला ‘जाड्या’, ‘ढब्बू’ अशी हिणवणारी टोपणनावे आहेत. त्यांनी मूल खेळाच्या मैदानापासून आणखी दूर जाते. लेखकाने दोन्ही टोके टाळावीत. वर्णन सवयीचे करावे, मुलाचे करू नये.

७.२.२ वाक्यातील कर्ता कोण?

‘मुलांनी रात्री लवकर झोपावे.’ ‘मुलांनी जंक फूड टाळावे.’ ही विध्यर्थी वाक्ये तुमच्या परिचयाची आहेत. व्याकरणदृष्ट्या त्यांचा कर्ता ‘मुले’ हा आहे. आता प्रत्यक्ष व्यवहार पाहा. मुलाचा डबा कोण भरते? घरातील दूरदर्शन संच किती वाजता बंद होतो, हे कोण ठरवते? शाळेची वेळ कोण ठरवते? वाक्यातील कर्ता आणि व्यवहारातील कर्ता यांच्यात असे अंतर पडले की उपदेश ऐकणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

झोपेचे उदाहरण घेऊ. ६ ते १२ वर्षे वयाच्या मुलांना दिवसभरात ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप मिळावी, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या तज्ज्ञसंस्थेची शिफारस आहे. शाळा सकाळी ७ वाजता भरत असेल आणि मुलाला ५:३० वाजता उठावे लागत असेल, तर ९ तास झोपेसाठी त्याने रात्री ८:३० वाजता झोपले पाहिजे. ज्या घरी पालक कामावरून ८ वाजता परततात, तेथे हे कसे घडावे? म्हणूनच २०२४ साली महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याची सूचना केली. या सूचनेचा कर्ता शाळा आहे, मूल नव्हे.

कायद्याची भाषाही कर्त्याची निश्चिती करते. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास, तसेच शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत ते विकण्यास मनाई आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात व प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ किंवा साखर यांचे प्रमाण जास्त असलेले पदार्थ विद्यार्थ्यांना विकता येत नाहीत. दोन्ही ठिकाणी जबाबदारी विक्रेत्यावर व संस्थेवर आहे. ‘मुलांनी टाळावे’ एवढेच लिहिणारा लेखक ही जबाबदारी नकळत मुलाच्या खांद्यावर टाकतो.

७.२.३ प्रमाणवाचक शब्द

‘पुरेसा व्यायाम’, ‘भरपूर झोप’, ‘मर्यादित साखर’ या विशेषणांना वाचक स्वतःच्या सोयीचा अर्थ देतो. जेथे अंक उपलब्ध आहे, तेथे तो द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५ ते १७ वर्षे वयोगटासाठी आठवड्याची सरासरी धरून दररोज किमान ६० मिनिटे मध्यम ते जोमदार शारीरिक हालचाल अपेक्षित आहे. २०१९ च्या तत्त्वांनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोर बसून जाणारा वेळ दिवसाला १ तासाहून अधिक नसावा. तो जितका कमी तितका चांगला.

अंकही वाचकाच्या ओळखीच्या मापात उतरवावा लागतो. समजा, एखाद्या शीतपेयाच्या वेष्टनावर ‘१०० मिलिलिटरमध्ये साखर १० ग्रॅम’ असे छापले आहे. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ती ३० ग्रॅम होते. चहाच्या एका चमच्यात सुमारे ५ ग्रॅम साखर मावते असे धरल्यास हे सहा चमचे झाले. कपभर चहात सहा चमचे साखर कोणी घालू लागले, तर आपण त्याचा हात धरू. बाटलीतील साखर दिसत नाही. ती दाखवणे हे लेखकाचे काम आहे.

७.२.४ न लिहिलेले वाक्य

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षे वयोगटातील सुमारे २८ टक्के मुलामुलींमध्ये रक्तक्षय आढळला. बोलीत याला ‘अंगात रक्त कमी असणे’ म्हणतात. हा शब्दप्रयोग सोपा असला, तरी शरीरातील रक्तच घटले आहे असा समज त्यातून होतो. वस्तुतः रक्तातील हिमोग्लोबिन कमी झालेले असते, आणि लोहाची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

यावर उपाय म्हणून शाळांतून किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी दिली जाते. ‘गोळी नियमित घ्या’ ही सूचना सर्वत्र असते. परंतु गोळीमुळे शौचाचा रंग काळपट होऊ शकतो, क्वचित मळमळते, रिकाम्या पोटी ती घेऊ नये आणि तिच्यासोबत चहा घेतल्यास लोहाचे शोषण कमी होते, ही वाक्ये पुष्कळदा लिहिलेली नसतात. काळपट शौच पाहून घाबरलेली मुलगी कोणाला न विचारता पुढची गोळी फेकून देते. तिला अशिक्षित वा हट्टी म्हणण्यापूर्वी, तिच्यासाठी एक वाक्य लिहिले गेले नव्हते, हे लक्षात घ्या.

७.२.५ नमुना परिच्छेद व त्याचे पुनर्लेखन

(अ) “आजच्या पिढीच्या चुकीच्या जीवनशैलीमुळे विविध आजार बळावत आहेत. विद्यार्थ्यांनी सकस आहार, पुरेसा व्यायाम व भरपूर झोप घ्यावी.”

(आ) “पालकांनो, रात्री नऊनंतर घरातील सर्वांचे मोबाईल एकाच ठिकाणी ठेवा, आपलाही ठेवा. डब्यात पोळीभाजीबरोबर आठवड्यातून दोनदा तरी मोड आलेली कडधान्ये द्या आणि वर लिंबू पिळा. लिंबामुळे त्यांतील लोह अंगी लागण्यास मदत होते. संध्याकाळचा एक तास मुलांना खेळू द्या. शिकवणी त्या वेळेत येत असेल, तर वेळ बदलता येईल का, हे शिक्षकांना विचारा.”

पहिल्या परिच्छेदात एका पिढीवर ठपका आहे, पण उद्या सकाळी काय करायचे याचे उत्तर नाही. दुसऱ्यात कर्ता निश्चित आहे, कृती लहान आहेत, कारण दिले आहे आणि अडचणीची दखल घेतली आहे.

७.३ सारांश

आरोग्यविषयक सवय बदलण्यापूर्वी ती सवय म्हणून दिसावी लागते, आणि ती दिसेल की झाकली जाईल हे बऱ्याच अंशी शब्दावर अवलंबून असते. ‘मशेरी’, ‘खाऊ’, ‘बाळसे’ या शब्दांतून आपण ते पाहिले. सूचनेचा खरा कर्ता शोधणे, प्रमाण ओळखीच्या मापात देणे आणि वाचकाला भीती वाटेल त्या जागी आधीच खुलासा करणे, ही अशा लेखनाची तीन प्रमुख पथ्ये होत.

७.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘खाणे’, ‘ओढणे’ व ‘लावणे’ या क्रियापदांमुळे तंबाखूच्या सेवनाविषयीचे आकलन कसे बदलते, ते सोदाहरण लिहा.
२. ‘मुलांनी दूध प्यावे’ या वाक्यातील व्याकरणिक कर्ता व व्यवहारातील कर्ता यांची चर्चा करा.
३. टीप लिहा : आरोग्यविषयक लेखनातील प्रमाणवाचक विशेषणे.

७.५ उपक्रम

तुमच्या परिसरातील शाळेत किंवा आरोग्य केंद्रात लावलेले एक भित्तिपत्रक उतरवून घ्या. त्यातील प्रत्येक वाक्यापुढे ‘हे कोणी करायचे?’ आणि ‘किती?’ हे दोन प्रश्न लिहा. ज्या वाक्यांना उत्तर मिळत नाही, ती पुन्हा लिहा व शक्य असल्यास तेथील शिक्षकांना अथवा परिचारिकेला वाचून दाखवा. त्यांनी सुचवलेले बदल वेगळ्या शाईने नोंदवा. हे दोन्ही मसुदे संपर्कसत्राच्या वेळी सोबत आणावेत.