बॅलन्स बाइक केव्हा द्यावी? एका आजीचे अनुभवाचे बोल

"काकू, बॅलन्स बाइक कधी घ्यायची? पहिल्या वाढदिवसाला घेतली तर चालेल का?" आमच्या सोसायटीतल्या तरुण आया मला हे नेहमी विचारतात. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं. माझा नातू जर्मनीत कार्ल्सरूहला वाढतोय आणि नात इथे पुण्यात, आमच्याच घरात. दोघंही पेडल नसलेल्या त्या बुटक्या सायकलवरून सायकल शिकले. मात्र सुरुवात दोघांनी वेगवेगळ्या वयात केली. दोघांना जवळून पाहिलं, शिवाय खाली खेळणाऱ्या बाकीच्या मुलांनाही रोज पाहते. त्यातून जे पटलं ते सांगते.

१. वाढदिवसाकडे नको, चालीकडे पाहा.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी केली होती. आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय त्यात सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं आढळलं. म्हणजे एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांत नऊ महिन्यांचं अंतर पडू शकतं आणि दोघंही ठणठणीत असतात. मग खोक्यावर छापलेलं 'अठरा महिन्यांपासून पुढे' दोघांना सारखं कसं लागू पडेल?

मी पाहते ते असं. मूल न अडखळता चालतं का? थोडं धावतं का, आणि धावता धावता वळतं, थांबतं का? खाली पडलेली वस्तू उकिडवं बसून उचलतं आणि हात न टेकता उभं राहतं का? चेंडूला लाथ मारताना क्षणभर एका पायावर स्वतःला सावरतं का? याच्या जोडीला आणखी एक गोष्ट, आणि ती मला पायांच्या ताकदीइतकीच महत्त्वाची वाटते: 'थांब' म्हटल्यावर ते थांबतं का? बहुतेक मुलांत हे सगळं दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान जुळून येतं. म्हणून कुणी एकच आकडा मागितला तर मी 'दोन वर्षं' म्हणते, पण तो आकडा सैल धरा. अठरा महिने उलटूनही मूल चालत नसेल तर मात्र सायकलचा विषय बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

२. पहिल्या वाढदिवसाला येणारी चार चाकांची गाडी ही वेगळी वस्तू आहे.

हल्ली एक वर्षाच्या मुलांसाठी छोटी, चार चाकांची 'बेबी बॅलन्स बाइक' मिळते. मूल तिच्यावर बसून पायांनी जमीन ढकलतं, त्याला मजा येते, आणि त्यात काही वाईट नाही. पण चार चाकांची गाडी कलत नाही, आणि जी कलत नाही ती तोल शिकवत नाही. आत्या-मावशीने भेट दिली तर आनंदाने वापरा. मुद्दाम पैसे खर्चून घेऊ नका. ते पैसे वर्षभर थांबून दोन चाकांच्या सायकलवर घाला.

३. आधी माप, मग दुकान.

दोन वर्षांची दोन मुलं उंचीने फार वेगळी असू शकतात. मुलाला बूट घालून भिंतीशी पाठ टेकवून उभं करा. पुठ्ठ्याच्या बांधणीचं पातळ पुस्तक दोन्ही पायांच्या मधून वर सरकवा, ते हलकेच टेकलं की भिंतीवर खूण करा आणि जमिनीपासूनचं अंतर मोजा. सायकलची सीट अगदी खाली केल्यावर तिची उंची या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी असायला हवी. बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे किंचित वाकलेले राहिले पाहिजेत. नुसते चवडे टेकत असतील तर ती सायकल अजून मोठी आहे. 'वाढत्या अंगाची घेऊ' हा आपला विचार फ्रॉकच्या बाबतीत बरोबर आहे, इथे नाही.

वजनही हाताने उचलून पाहा. दोन वर्षांचं मूल साधारण अकरा-बारा किलोचं असतं. त्याला पाच किलोची सायकल वळवताही येत नाही आणि पडल्यावर उचलताही येत नाही. साडेतीन किलोच्या आसपासची मिळाली तर उत्तम. फोमच्या टायरला हवा भरावी लागत नाही, पंक्चर होत नाही, पण गुळगुळीत टाइल्सवर तो घसरतो. रबरी टायर जड असतो आणि खडबडीत जमिनीवर फार चांगला चालतो. तुमच्या दारात जमीन कशी आहे ते पाहून ठरवा. या वयात हाताच्या ब्रेकची गरज नसते, कारण इवल्या बोटांना तो दाबता येत नाही. पायच ब्रेक असतात.

४. तोल आधी, पेडल नंतर: सायकलचा जन्मही याच क्रमाने झाला.

कार्ल्सरूह हे कार्ल द्राइस यांचं गाव. ते १७८५ साली तिथे जन्मले आणि १८५१ साली तिथेच वारले. १२ जून १८१७ रोजी त्यांनी मानहाइम शहरातून स्वतः बनवलेलं लाकडी दुचाकी यंत्र बाहेर काढलं आणि दोन्ही पायांनी जमीन रेटत श्वेत्सिंगनच्या दिशेने फेरी मारली. त्या यंत्राला पेडल नव्हतं. पुढच्या चाकाला पेडल लावलेल्या सायकली फ्रान्समध्ये लोकप्रिय झाल्या त्या १८६०च्या दशकात. त्याआधी मोठी माणसंसुद्धा अशा यंत्रावर बसून पायांनीच धावत होती. आज कार्ल्सरूहच्या फुटपाथवर बालवाडीला निघालेली मुलं लाउफराडवरून, म्हणजे तिथल्या बॅलन्स बाइकवरून, तेच करतात. तिथे ती सायकल एवढी सर्रास दिसते की दोन-अडीच वर्षांच्या मुलाकडे ती नसेल तरच लोक विचारतात.

आपल्याकडे क्रम उलटा होता. माझ्या लहानपणी तासावर भाड्याने मिळणाऱ्या मोठ्या माणसांच्या सायकलवर, नळीच्या मधून पाय घालून हाफ पेडल मारत आम्ही शिकलो. मागे कुणीतरी कॅरिअर धरून धापा टाकत पळायचं. पुढच्या पिढीला लहान सायकली मिळाल्या, पण त्यांना बाजूला सपोर्टची दोन चाकं आली. चालती सायकल एका बाजूला कलली की हँडल त्याच बाजूला थोडं वळवावं लागतं, म्हणजे चाकं पुन्हा अंगाखाली येतात. सायकल चालवणं म्हणजे मुख्यतः हेच, बाकी पायांचं काम सोपं. सपोर्टची चाकं सायकलला कलूच देत नाहीत, त्यामुळे मूल दोन वर्षं पेडल मारतं आणि चाकं काढली की पहिल्या दिवशी घाबरतं. बॅलन्स बाइकवर हे हँडल वळवणं त्याच्या अंगात आधीच मुरतं, तेही पाय जमिनीजवळ असताना.

५. धरू नका, ढकलू नका, ओढू नका.

हे मी सगळ्यात कळकळीने सांगते, कारण खाली पार्किंगमध्ये मला हेच रोज दिसतं. बाबा सीट धरून पळतात, आजोबा हँडल धरून ओढतात, मूल लोंबकळल्यासारखं वर बसलेलं असतं. मोठ्या माणसाचा हात हँडलवर असला की तोल मोठं माणूस सांभाळतं आणि मुलाला कलण्याची जाणीवच होत नाही.

मुलाची वाट ठरलेली असते. सुरुवातीला ते सीटवर बसतच नाही. सायकल दोन पायांत घेऊन उभ्याने चालतं. पालकांना वाटतं, याला कळत नाहीये. त्याला बरोबर कळतंय, ते त्या वस्तूची ओळख करून घेतंय. मग कधीतरी बूड टेकतं आणि बसून पावलं टाकायला लागतं. पावलं लांब होतात. धावणं सुरू होतं. मग एखाद्या संध्याकाळी दोन्ही पाय क्षणभर वर उचलले जातात आणि सायकल आपली आपण पुढे जाते. कुणाला यासाठी पंधरा दिवस लागतात, कुणाला सहा महिने. हात लावायचाच असेल तर मुलाच्या पाठीला किंवा दंडाला हलका लावा, सायकलला नाही. बोलायचंच असेल तर 'खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ' एवढंच बोला आणि समोर दहा पावलांवर जाऊन उभ्या राहा. नजर जिथे जाते तिथे सायकल जाते.

पाच-दहा मिनिटांत मुलाने सायकल टाकून मांजराच्या मागे धाव घेतली तर जाऊ द्या. त्या दिवसाचं शिकणं झालेलं असतं.

६. मूल नको म्हणालं तर सायकल कोपऱ्यात ठेवा, विकू नका.

नातवाने सव्वादोन वर्षांचा असताना सायकल हातात घेतली आणि उन्हाळा संपेपर्यंत तो रस्त्याच्या कडेने सुसाट निघाला. आमच्या नातीला तिच्या दुसऱ्या वाढदिवसाला सायकल आणली. तिने तिच्यावर बाहुली बसवली. कित्येक महिने ती बाहुलीचीच गाडी होती. घरात अस्वस्थता सुरू झाली, 'तिकडचा बघा कसा चालवतो' हे व्हिडिओ कॉलवर बोललं जाऊ लागलं. मी सगळ्यांना गप्प केलं. बालवाडीत मी पाहिलं आहे की दुसऱ्या मुलाचं नाव घेऊन शिकवलेली गोष्ट मूल शिकतं, पण तिच्यावर प्रेम करत नाही. तिला तीन पूर्ण झाल्यावर शेजारची एक मुलगी सायकल घेऊन खाली आली, तेव्हा नातीने स्वतःहून बाहुली उतरवली. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत ती पाय उचलून चालवत होती. तीन वर्षांची मुलं धीट असतील तर फार झटपट शिकतात, कारण त्यांचे पाय मजबूत असतात आणि सांगितलेलं त्यांना कळतं. तीन म्हणजे उशीर नाही, चारही नाही.

७. हेल्मेट पहिल्या दिवसापासून.

पहिल्या दिवशी घातलं तर मुलाला ते सायकलचाच भाग वाटतं. सहा महिन्यांनी घालायला गेलात तर रडारड होते. डोक्याचा घेर टेपने मोजून घ्या. हेल्मेट कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे आणि पट्ट्याखाली एखादं बोट जेमतेम जायला हवं. एक काळजी मात्र आवर्जून घ्या: घसरगुंडी किंवा जाळीवर चढण्याआधी हेल्मेट काढायचं. ते फटीत अडकून पट्टा गळ्याला बसू शकतो. पायांत बंद बूट. चपला, क्रॉक्स, अनवाणी पाय, काही नको, कारण थांबायचं काम पायांनाच करायचं असतं.

८. पेडलची घाई नको.

साडेतीन ते पाचच्या दरम्यान मूल स्वतःच मोठ्या मुलांच्या सायकलकडे बघायला लागतं. तेव्हा मापाची, हलकी सायकल आणा आणि सपोर्टची चाकं दुकानातच काढून टाका. बॅलन्स बाइक परवडत नसेल तर दुसरा मार्गही चांगला आहे. बारा इंची साधी सायकल घेऊन सायकलवाल्याकडून दोन्ही पेडल आणि सपोर्ट काढून घ्या, सीट अगदी खाली करा. ती जड असते, म्हणून जरा मोठ्या, तिनाच्या पुढच्या मुलाला द्या. पेडल घरी काढणार असाल तर लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात.

९. जागा.

यात आपण फार मागे आहोत. जर्मनीत रहदारीच्या नियमांनुसार आठ वर्षांपर्यंतच्या मुलाने सायकल फुटपाथवरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकलमार्गावरून चालवायची असते. शांत वस्तीतल्या कित्येक गल्ल्यांना मुलं खेळत असल्याचं चित्र असलेली निळी पाटी असते. तिथे गाड्यांनी माणसाच्या चालीने जायचं आणि मुलांना रस्त्यात खेळायला मुभा असते. नातू त्या जमिनीवर शिकला. नातीसाठी आम्हाला जागा शोधावी लागली. आमच्या भागातल्या बागेत सायकलला मनाई, फुटपाथवर स्कूटर आणि सोसायटीत जिकडेतिकडे गाड्या.

शेवटी आम्हाला दोन ठिकाणं सापडली. रविवारी सकाळी शाळेचं मैदान, आणि सकाळी दहानंतर गाड्या बाहेर पडल्या की इमारतीखालचं पार्किंग. शहाबादी फरशी किंवा कोबा असेल तर चाक छान पकडतं. पार्किंगचा उतार मात्र कधीही वापरू नका. पायांचा ब्रेक त्या वेगाला पुरत नाही. आणि बॅलन्स बाइकवर बसलेलं मूल गाडीच्या मागच्या काचेतून दिसत नाही, कारण त्याचं डोकं तिच्याही खाली असतं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की मूल उचलून कडेला घ्यायचं, दुसरा कुठलाही नियम नाही. नजर फोनमध्ये ठेवून हे जमत नाही.

आमच्या सोसायटीत आम्ही काही आज्यांनी कमिटीकडे अर्ज दिला आणि आता रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा मागच्या बाजूचा रस्ता साखळी लावून बंद असतो. रखवालदार साखळीपाशी उभा राहतो, गाड्या पुढच्या फाटकाने जातात. याला पैसे लागले नाहीत. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय लेखी द्या, आणि मुलाला सायकल आणायच्या आधी द्या.