पाडण्याआधी मोजणारी माणसं

"मुलीला जुन्या चाळी, जुने वाडे बघत फिरायला आवडतं. पण त्याचं पुढे करायचं काय?" असं पालक विचारतात तेव्हा त्यांच्या आवाजात काळजी असते आणि ती रास्तच असते. आवडीचं काम आणि पोटापाण्याचं काम यांची गाठ पडतेच असं नाही. पण मुंबईच्या गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, भेंडीबाजार या पट्ट्यात सध्या जे चाललं आहे ते पाहिलं, तर या आवडीला एक गरजेचं आणि पगारी काम जोडलेलं दिसतं. ते म्हणजे पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या जुन्या वस्तीतल्या ऐतिहासिक इमारतींचं सर्वेक्षण. करिअरच्या चर्चेत त्याचं नाव क्वचितच येतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी पार्श्वभूमी. मुंबई शहरात उपकरप्राप्त इमारती मूळच्या १९,६४२. त्यांतल्या १६,५०२ 'अ' वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. महागाई वाढत गेली, मालकाच्या हाती दुरुस्तीपुरतेही पैसे उरेनात, इमारती कोसळू लागल्या. मग १९६९ मध्ये कायदा करून उपकर लावावा लागला आणि दुरुस्ती मंडळ नेमावं लागलं. हे मंडळ आता म्हाडाकडे आहे. आज दुरुस्तीपेक्षा पुनर्विकासाकडे ओढा जास्त. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली एकेक इमारत पाडून नवी होते आणि ३३(९) खाली अख्खा समूह. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांतल्या सुमारे अडीचशे इमारतींचा असा एकत्र प्रकल्प २००९ पासून सुरू आहे. एवढ्या मोठ्या तुकड्यावर नवं बांधकाम उभं राहतं तेव्हा इमारतींबरोबर गल्ल्यांची आखणीही बदलते.

आता या दाटीत राखण्यासारखं काय आहे हे कोण सांगणार? मुंबईत १९९५ मध्ये वारसा इमारतींची नियमावली लागू झाली. पहिली, दुसरी अ, दुसरी ब आणि तिसरी अशा श्रेणी ठरल्या आणि वारसा संवर्धन समिती नेमली गेली. समिती निर्णय देते, पण तिच्यासमोर जो कागद ठेवला जातो तो कोणीतरी जिने चढून, अंधाऱ्या बोळांत शिरून तयार केलेला असतो. त्या कागदात चूक असेल तर निर्णयही चुकतो. एखादी चांगली इमारत उगीच जाते, किंवा धोकादायक इमारतीत माणसं राहत राहतात. माझ्या मते या पेशाचं खरं वजन इथे आहे.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू.

सुरुवात कार्यालयात होते. नगर भूमापनाचा नकाशा, मिळकत पत्रिका, सी.एस. क्रमांक, महापालिकेकडचे जुने आराखडे. गल्लीतल्या प्रत्येक घराला एक क्रमांक आणि एक तक्ता मिळतो. मग पायपीट. दर्शनी भागाचे फोटो शक्य तितके समोरून आणि सरळ घ्यायचे, कोणता फोटो कुठे उभं राहून कोणत्या दिशेला काढला याची नोंद त्याच वेळी करायची. घरी जाऊन आठवू म्हटलं की एकाच धाटणीच्या चार गॅलऱ्यांची सरमिसळ झालीच.

मग मोजमाप. एकजण टेपचं टोक धरतो, दुसरा आकडा वाचतो, तिसरा टिपतो. हल्ली लेझर मीटर हातात असतं, मोठ्या कामाला टोटल स्टेशन किंवा त्रिमितीय स्कॅनर येतो. तरी जुन्या इमारतीत खोलीचे दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, हा नियम कोणतंही यंत्र रद्द करू शकलेलं नाही. चार भिंतींची लांबी बरोबर मिळते, पण खोली काटकोनात नसते. कर्ण मोजले नाहीत तर कागदावर ती काटकोनात बसते आणि शेजारची खोली कुठेच मावेनाशी होते. स्कॅनर लाखो बिंदू गोळा करतो. पण त्यांतली तुळई कुठली आणि नंतर टेकू म्हणून घातलेलं लोखंड कुठलं, हे ओळखायला माणूस लागतो.

त्यानंतरचा भाग मला सगळ्यात समृद्ध वाटतो: इमारत वाचणं. या भागातल्या कित्येक इमारती सागवानी सांगाड्याच्या. खांब, तुळया, लाकडी तक्तपोशी, मधे विटांची भरण. तळाला दुकान, वर खोल्या, पुढे सामाईक गॅलरी. कठडा कधी लाकडी कातकामाचा, कधी ओतीव लोखंडाचा. भुलेश्वरकडे कोरीव लाकडी दर्शनी भागांवर गुजराती घरबांधणीची छाप दिसते. लोखंडी तुळईवर कधी 'डॉर्मन लाँग' या इंग्लंडमधल्या कारखान्याचा ठसा सापडतो, कौलाच्या पाठीवर 'बासेल मिशन' असं उमटलेलं असतं. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, तेव्हा ते कौल त्याआधीचं नाही एवढं नक्की. पण छप्पर पुढे कधीतरी बदललेलं असू शकतं, म्हणून कौलाचं वय ते भिंतीचं वय नव्हे. एका खुणेवर इमारतीचं वय ठरवायचं नाही, दुसरा पुरावा शोधायचा. ही सवय लागायला वेळ जातो.

पुढे प्रकृतीची तपासणी. चाळीत मागच्या बाजूला सामाईक संडास आणि मोऱ्या असतात. ओल तिथून चढते आणि भिंतीत रुतलेलं तुळईचं टोक आतून कुजतं. बाहेरून रंग लावलेला असतो, काहीच कळत नाही. हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐकायचा, टोचणीने लाकूड किती भुसभुशीत झालंय ते पाहायचं, वाळवीच्या मातीच्या वाटा शोधायच्या. चुन्याच्या भिंतीवर नंतर कोणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल आत कोंडून विटा झिजतात. हे सगळं आराखड्यावर रंगांनी दाखवतात. कुठे भेग, कुठे ओल, कुठे झोल. महापालिका अशा इमारतींना सी-१ पासून सी-३ पर्यंत वर्ग देते आणि सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याची. तो वर्ग संरचना अभियंता ठरवतो. पण वारसा सर्वेक्षण करणाऱ्याला त्याची भाषा कळायला हवी आणि गरज पडली तर "ही तुळई बदलून काम भागेल का?" हा प्रश्नही विचारता यायला हवा.

इमारतीचं मोल फक्त नक्षीवर ठरत नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचं निधन झालं. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. ही माहिती टेपने मोजता येत नाही, पण तक्त्यात तिला जागा असते. याच गिरगावात ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला आणि १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. आज ती दोन्ही थिएटरं उरलेली नाहीत. जिथे भारतीय सिनेमा जन्मला आणि बोलायला लागला, तिथल्या खुर्च्या, पडदा, तिकीट खिडकी यांचं बारकाईने केलेलं मोजमाप हाताशी असतं तर किती बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

इथे विद्यार्थ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या इमारतींत माणसं राहतात. एका खोलीत तीन पिढ्या, संडासाला रांग, दर पावसाळ्यात छपराची धास्ती. ३३(७) खाली त्यांना किमान ३०० चौरस फुटांचं, स्वतःच्या संडास-न्हाणीघराचं घर मिळणार असतं. तुम्ही टेप घेऊन दारात उभे राहता तेव्हा त्यांना वाटतं, आता हे वारसा-बिरसा काढून आमचं घर अडवणार. त्यांचं वाटणं चुकीचं नाही. म्हणून आधी बसायचं, कोण आहोत ते सांगायचं, चहा नाकारायचा नाही. मजल्यावरच्या आजी जे सांगतात ते कोणत्याही दप्तरात नसतं: गॅलरी कधी बंद झाली, कोणत्या वर्षी कोणता खांब बदलला. आणि माणसांना तिथेच ठेवून जुनी इमारत नीट दुरुस्त करता येते, याचीही उदाहरणं आहेत. वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी लाल चिमणी कंपाउंडमधली भाडेकरूंची घरं अशीच सावरली आणि त्या कामाचा युनेस्कोनेही गौरव केला.

इथे मराठी मुलांची एक जमेची बाजू आहे, जी त्यांना स्वतःलाच ठाऊक नसते. चाळीत संवाद मराठीत होतो. जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं मोडी लिपीत सापडतात, काही गुजरातीत. मोडी वाचणारा वास्तुविशारद ही दुर्मीळ गोष्ट आहे. राज्याच्या पुराभिलेख खात्याचे मोडीचे छोटे वर्ग होतात, ते सुट्टीत करून ठेवावेत. पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांवर काम करायचं असेल तर मोडी आणखीच उपयोगी, कारण पेशवे दप्तर तिथेच आहे.

शिक्षणाचा रस्ता एकच नाही. सरळ वाट बी.आर्क.ची: बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, 'नाटा' किंवा जेईई मेनचा दुसरा पेपर, पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि मग वास्तुकला परिषदेत नोंदणी. संवर्धनातली पदव्युत्तर पदवी दिल्ली आणि भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये, अहमदाबादच्या सेप्टमध्ये करता येते. माझा आग्रह असा की ती लगेच करू नये. आधी वर्ष-दोन वर्षं साइटवर घालवावीत, म्हणजे तिथे काय विचारायचं ते कळतं. सिव्हिलच्या मुलांसाठी संरचनेची बाजू आहे. आयआयटी मद्रासमध्ये वारसा वास्तूंच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्रच आहे. इतिहासाची ओढ असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. आणि दहावीनंतर लवकर कमावणं भाग असेल तर आयटीआयमधला सर्व्हेअर किंवा ड्राफ्ट्समन सिव्हिल हा ट्रेड. नीटस मोजमाप आणि नीटस रेषा येणाऱ्या मुलाला संवर्धनाच्या कार्यालयात मान मिळतो, त्याच्या नावापुढे पदवी नसली तरी.

आता पैसा. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्या मित्रापेक्षा कमीच असणार, हे घरात आधीच बोलून घ्यावं. काम प्रकल्पागणिक येतं आणि करारावरची नेमणूक बरीच. पण काम संपणारं नाही. भुयारी मेट्रो खणण्याआधी आजूबाजूच्या इमारतींची स्थिती नोंदवावी लागते. वारसा श्रेणीतल्या इमारतीला हात लावायचा तर अहवाल लागतो. पुणे महापालिकेचा स्वतंत्र हेरिटेज विभाग आहे. राज्य आणि केंद्राची पुरातत्त्व खाती, १९८४ पासून काम करणारी इन्टॅक ही वारसा-जतन संस्था, संवर्धन वास्तुविशारदांची कार्यालयं, जुन्या मिळकतींचे विश्वस्त हे सगळे असं काम देणारे आहेत. गोव्यात पणजीच्या फोंतेन्हाससारख्या वस्तीतही त्याची गरज आहे. नोंदणीकृत वास्तुविशारदाला काही वर्षांनी स्वतःच्या नावाने अहवाल देता येतो आणि तिथून उत्पन्न बदलतं. शैक्षणिक कर्ज मोठं होणार असेल तर शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयासाठी एक वर्ष थांबणं मला शहाणपणाचं वाटतं.

एका दबावाची कल्पनाही मुलांना द्यावी. अहवालाचे पैसे देणारा कधी विकासक असतो, कधी मालक. "स्थिती थोडी वाईट लिहा", "ही कमान महत्त्वाची नाही असं लिहा" असं हळूच सुचवलं जातं. तिथे नाही म्हणण्याची तयारी हवी आणि तसं नाही म्हणणाऱ्या मुलाच्या पाठीशी घरच्यांनी उभं राहायला हवं.

मुलींच्या पालकांना सुरक्षिततेची चिंता असते. नियम साधे आहेत, फक्त ते पाळणारं कार्यालय निवडावं. रिकाम्या इमारतीत एकटं जायचं नाही. हेल्मेट आणि जाड तळाचे बूट घालायचे, ओळखपत्र आणि परवानगीचं पत्र जवळ ठेवायचं. धोकादायक ठरलेल्या इमारतीत अभियंत्याने पाहिल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

आवड खरी आहे का, हे तपासायला कोणत्याही क्लासची गरज नाही. या सुट्टीत मुलाला एक टेप, आलेखाचा कागद आणि पेन्सिल द्या. राहत्या इमारतीचा जिना मोजायला सांगा: प्रत्येक पायरीची उंची, रुंदी, कठडा, चौक, दोन्ही कर्ण. मग वाड्यात किंवा चाळीत राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचं घर. तिथल्या सर्वांत वयस्कर माणसाशी बोलून दोन पानं लिहायला सांगा. तिसऱ्या दिवशी मूल कंटाळलं तर ठीक आहे, खर्च काहीच झाला नाही. आकडे जुळत नाहीत म्हणून ते स्वतःहून पुन्हा मोजायला गेलं, तर ते कागद जपून ठेवा. प्रवेशाच्या वेळी, पुढे इंटर्नशिपला अर्ज करताना तेच दाखवायचे आहेत. आणि त्या मुलाखतीत मुलानेही एक प्रश्न विचारायचा: आठवड्यातले किती दिवस मला साइटवर पाठवाल? उत्तर दोनपेक्षा कमी आलं, तर दुसरं कार्यालय पाहावं.